बंद लॅपटॉपचा पंचनामा

लॅपटॉप बंद केला तेव्हा बॅटरी ब्याऐंशी टक्के होती. सकाळी उघडला तर एकोणचाळीस. मधल्या वेळात लॅपटॉप बंद होता, घराचं दार बंद होतं आणि माझे डोळेही बंद होते. मग त्रेचाळीस टक्के गेले कुठे?

तुम्हाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. मला वाटला नाही, कारण मी वजनमापे निरीक्षक आहे. किलोमागे पाच ग्रॅम कमी भरणारा तराजू मला दुकानाच्या पायरीवरून ओळखू येतो. मी बाजारात शिरलो की तीन दुकानं आपोआप जेवायला बंद होतात, मग सकाळचे दहा का वाजलेले असेनात. अशा माणसाच्या घरातून, त्याच्याच टेबलावरून, त्रेचाळीस टक्के उचलले जातात म्हणजे काय! लॅपटॉप कार्यालयाचा होता, म्हणजे तूटसुद्धा सरकारी.

"बंद केला होतात, की नुसता मिटला होतात?" बायकोनं विचारलं.

ती शाळेत विज्ञान शिकवते. तिचा प्रत्येक प्रश्न मला वर्गाबाहेर उभा करतो.

"बंद केला होता," मी म्हणालो.

"म्हणजे पूर्ण बंद? की झोपवला होतात?"

"लॅपटॉपला मी कशाला झोपवू? बंद म्हणजे बंद."

"मग आकडा वाचायला चुकला असाल," असं म्हणून ती शाळेत गेली. वजनमापे निरीक्षकाला 'आकडा वाचायला चुकला असाल' असं म्हणणं म्हणजे गवयाला 'तुमचा घसा बसलाय' म्हणण्यासारखं आहे. मी त्याच दिवशी वही घातली. दिनांक, वेळ, ठेवल्याचं ठिकाण, संध्याकाळचं वाचन, सकाळचं वाचन, तूट आणि शेरा. दुसऱ्या दिवशी नव्वदाचे एक्कावन्न झाले. तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तरचे छत्तीस. शेऱ्याच्या रकान्यात मी तिन्ही दिवस 'कारण अज्ञात' लिहिलं. नोकरीच्या बावीस वर्षांत हे दोन शब्द मी एका कागदावर एकत्र लिहिले नव्हते.

चौथ्या दिवशी जिन्यात फेजकाका भेटले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं वीज कंपनीत होते. कंपनीनं त्यांना निवृत्त केलं, पण विजेनं अजून सोडलेलं नाही. कुणाचंही काहीही बिघडलं, अगदी पोट बिघडलं तरी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "फेज बघितली का?" मी त्यांना काही सांगणार नव्हतो. पण वही माझ्या हातात होती आणि फेजकाकांना दुसऱ्याच्या हातातलं वाचायची सवय आहे.

"गळती!" ते आनंदानं म्हणाले. "टेबल कशाचं आहे?"

"लोखंडी."

"मग? लोखंड ओढणारच. लाकडावर ठेवा."

मी लॅपटॉप लाकडी स्टुलावर ठेवला. एकेचाळीस टक्के तूट. मग काकांनी रबर सुचवलं, म्हणून स्टुलावर बायकोची व्यायामाची रबरी चटई गुंडाळून त्यावर ठेवला. एकोणचाळीस टक्के. "बघा, दोन टक्के वाचले," काका म्हणाले. बायकोनं दोन टक्क्यांसाठी चटई द्यायला नकार दिला. मग काकांच्या लक्षात आलं की खरा शत्रू उष्णता आहे आणि लॅपटॉप घरातल्या सगळ्यात थंड जागी ठेवायला हवा. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे फ्रिज, पण तो विषय बायकोनं माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखला आणि मी तोंड उघडायच्या आत "नाही" म्हणाली. दुसरी थंड जागा म्हणजे दाराजवळचं चपलांचं कपाट. मी एक कप्पा पुसून घेतला आणि सरकारी लॅपटॉप बुटांच्या शेजारी ठेवला. सकाळी बुटांना काही झालं नव्हतं. लॅपटॉप चव्वेचाळीस टक्क्यांनी खाली.

या सगळ्या वेळात घरात दुसरं बोलणं उरलं नव्हतं. संध्याकाळी मी वही घेऊन उभा, बायको तपासायचे पेपर घेऊन बसलेली, आणि समोर आई. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला या प्रकरणात ओढायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? ती आपली आमच्याकडे आळीपाळीनं बघायची, हसायची आणि लवकर आपल्या खोलीत जायची. वयानं माणूस निवांत होतो, असं मी बायकोला म्हटलंही. तिनं माझ्या बोटाकडे बघितलं. ते वहीतल्या तुटीवर होतं.

शेवटी मी कार्यालयाच्या संगणक कक्षात गेलो. तिथे एक तंत्रज्ञ बाई आहेत. त्या लॅपटॉपकडे बघण्याआधी अर्जाकडे बघतात.

"बिघाडाच्या वेळी सुरू असलेलं काम," त्यांनी रकान्यावर पेन ठेवलं. "काय लिहू?"

"काही नाही."

"'काही नाही' चालत नाही. टंकलेखन, छपाई, इंटरनेट किंवा इतर."

"इतर."

"इतर असल्यास स्पष्ट करा."

"लॅपटॉप बंद होता."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बंद असताना बिघाड कसा होईल?"

"तेच विचारायला आलोय."

"साहेब, बंद यंत्रात बिघाड होत नाही. बंद पडणं हाच बिघाड असतो. तुमचा बंद पडलाय का?"

"नाही, मी बंद करतो."

"मग तुम्ही बंद नका करू," बाई म्हणाल्या. पण माणूस भला. त्यांनी अर्ज घेतला आणि लॅपटॉप निरीक्षणासाठी तीन दिवस आपल्या कपाटात ठेवून घेतला. तिथे काय व्हावं? ऐंशी टक्क्यांवर ठेवला तो चौथ्या दिवशी एकोणऐंशी टक्क्यांवर निघाला. तीन दिवसांत एक टक्का! माझ्या अर्जावर त्यांनी सुवाच्य अक्षरात शेरा मारला, 'यंत्र निर्दोष. तक्रार निराधार. वापरकर्त्याने घरी लक्ष द्यावे.'

वापरकर्ता! लोक मला साहेब म्हणतात, काही दुकानदार माझ्या पाठीमागे आणखीही काही म्हणतात, पण वापरकर्ता आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यातून 'घरी लक्ष द्यावे' हा सल्ला. एवढं लक्ष मी घरात लग्न झाल्यापासून कधी दिलं नव्हतं.

फेजकाकांनी मात्र शेरा वाचून टाळी वाजवली. "म्हणजे लॅपटॉप ठणठणीत. दोष तुमच्या घरात आहे!"

"माझ्या घरात म्हणजे?"

"वायरिंगमध्ये. वीज भिंतीतून त्याला ओढतेय."

"पण काका, तो भिंतीला लावलेलाच नसतो."

"हवेतून ओढतेय," काका म्हणाले. बायकोनं पेपर तपासता तपासता एका मुलाला चुकून दोन गुण जास्त दिले.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण लांबण लावली की मला अजून त्रास होतो. काकांनी शनिवारी सकाळी मुख्य बटणांची पेटी उघडली आणि दुपारी बंद केली. रविवारी दुपारी पुन्हा उघडून सोमवार सकाळपर्यंत सगळ्या घराची वीज तोडायची असं ठरलं, म्हणजे भिंतीचा दोष सिद्ध होणार. आम्ही अंधारात जेवलो. फ्रिजखाली तळं साचलं. बायको सोमवारी इस्त्री न केलेले कपडे घालून शाळेत गेली आणि वर्गातल्या मुलीनं तिला "बाई, बरं नाही का?" असं विचारलं. मी लॅपटॉप उघडला. चौऱ्याऐंशीचे चौतीस. वीज तोडलेल्या घरात पन्नास टक्के तूट! आतापर्यंतचा उच्चांक. वीज पुन्हा जोडल्यावर आणखी एक शोध लागला. आता न्हाणीघरातला दिवा लावला की दाराची बेल वाजत होती. दोन दिवस आम्ही प्रत्येक अंघोळीला दार उघडायला धावत होतो.

"मग चार्जरच," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात आता दुःख होतं. "चार्जर वीज भरतो, तसा मागेही ओढत असेल."

"तो लावलेला नसताना?"

"सवय लागते."

एवढं बोलून ते तपासणीसाठी चार्जर घेऊन गेले. मी अडवलं नाही. माणूस गोंधळला की समोरचा जे नेईल ते नेऊ देतो.

त्या संध्याकाळी बायकोनं पेपर बाजूला ठेवले आणि मला समोर बसवलं. "हे बघा. कार्यालयात होत नाही, घरात होतं. भिंत नाही, टेबल नाही, हवा नाही. म्हणजे कोण उरलं?"

"कोण?"

"घरातली माणसं. आपण तिघं. तुम्ही वही लिहिता, म्हणजे तुम्ही फिर्यादी. मग राहिलो मी आणि आई."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणायला कशाला हवं? गेले तीन दिवस मी त्या टेबलाजवळून गेले की तुम्ही घड्याळ बघता."

बघत होतो, हे खरं होतं. ते मी मान्य केलं असतं तर बरं झालं असतं, पण मी म्हणालो, "निरीक्षकानं सगळ्या शक्यता बघायच्या असतात." बायको उभी राहिली, मीही उभा राहिलो. ती हात उडवून बोलली, मी वही उडवून बोललो. आई आमच्याकडे बघत होती. ती उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला, बायकोच्याही फिरवला आणि खोलीत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी कार्यशाळा होती. मुख्य सभागृहात चाळीस व्यापारी येणार होते, आमच्या नियंत्रक मॅडम स्वतः बसणार होत्या, आणि विषय होता 'मोजमापातील अचूकता'. ती नीट झाली तर पुढच्या सहा कार्यशाळा माझ्याकडे येणार होत्या. बावीस वर्षं मी दुकानांच्या पायऱ्या चढलो, आता एकदा तरी व्यासपीठ चढावं अशी इच्छा होती. महिनाभर खपून मी शंभर चित्रं तयार केली होती. ती सगळी लॅपटॉपमध्ये होती. म्हणून आदल्या संध्याकाळी मी एकदाचा पक्का उपाय करायचं ठरवलं. कार्यालयातून येताना बाहेरगावाहून आलेल्या एका निरीक्षकाच्या चार्जरवर लॅपटॉप शंभर टक्के भरून आणला होता. आता फक्त त्याला सकाळपर्यंत कुणाचा हात लागायला नको होता.

मी पिशवीतून सील काढलं.

तराजू जप्त केला की आम्ही त्याला तार गुंडाळतो, तारेची टोकं शिशाच्या गोळीत घालतो आणि पकडीनं गोळी दाबतो. गोळीवर सरकारी खूण उमटते. मग ते सील कुणी तोडू शकत नाही. म्हणजे कात्रीनं पोरसुद्धा तोडेल, पण तोडलं की गुन्हा. लॅपटॉप बंद करून मी उभी-आडवी तार अशी आवळली की झाकण सूतभरही उघडणार नाही. गोळी दाबली. मनाला इतकं बरं वाटलं, की बेल वाजली तेव्हा न्हाणीघरात कोण आहे हेही मी विचारलं नाही.

सकाळी सील जसंच्या तसं होतं. आता नियम असा आहे, की सील दोन पंचांसमोर तोडायचं आणि तसं लिहून घ्यायचं. मी बायकोला पंच व्हायला सांगितलं.

"मी संशयित आहे," ती डबा भरत म्हणाली. "संशयित पंच कशी होईल?"

तिचं म्हणणं बिनचूक होतं. फेजकाकांच्या दाराला कुलूप होतं. ते चार्जर घेऊन एका जुन्या सहकाऱ्याचं मत घ्यायला गेले होते, असं शेजारून कळलं. नियम मोडून तार तोडायची, हे हाताला जमेना. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की सील म्हणजे सील. तसाच लॅपटॉप काखेत मारला आणि सभागृह गाठलं.

चाळीस व्यापारी हजर होते. पहिल्या रांगेत एक खिळेवाले बसले होते. त्यांचा तराजू मी दोन महिन्यांपूर्वी जप्त केला होता. मी लॅपटॉप मांडला तशा चाळीस माना उंचावल्या. मॅडम उठून जवळ आल्या आणि चष्मा लावून त्यांनी शिशाची गोळी बघितली.

"हे कुणी जप्त केलं?"

"मी."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

"कोणत्या कलमाखाली?"

मला कलम आठवेना. मी एवढंच म्हणालो, "मॅडम, बंद असताना वीज जाते."

"कुणाची?"

"याची. तूट येते. मी मोजलीय." आणि वही पुढे केली. मॅडमनी दोन पानं उलटली. 'ठिकाण' या रकान्याखाली 'चपलांचे कपाट' वाचून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली.

"पंच कोण?" त्यांनी शांतपणे विचारलं.

खिळेवाल्यांनी हात वर केला. दुसरा हात त्यांच्या शेजाऱ्याचा. त्यांच्यासमोर मी सील तोडलं, तसं कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. खिळेवाल्यांनी सही करण्याआधी सगळा मजकूर दोनदा वाचला, मी त्यांना त्यांच्या दुकानात वाचायला लावला होता तसाच. मग मी बटण दाबलं.

काही झालं नाही. पुन्हा दाबलं. एक लाल ठिपका लागला, बॅटरीचं रिकामं चित्र आलं आणि गेलं. शून्य. शंभराचे शून्य, आणि सील शाबूत!

चार्जर फेजकाकांकडे. संगणक कक्षात दुसरा होता, पण तंत्रज्ञ बाई म्हणाल्या की या यंत्राची आधीची तक्रार निराधार ठरल्यामुळे तीस दिवस नवा अर्ज घेता येत नाही. मी खडू घेतला आणि फळ्यावर तराजू काढला. तो एका बाजूला झुकला. चाळीस मिनिटं मी अचूकतेवर बोललो. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर खिळेवाले उभे राहिले.

"साहेब, एका रात्रीत शंभर टक्के तूट आली, तर तुम्ही काय करता?"

"जप्त करतो."

"मग बरोबर केलंत," ते म्हणाले आणि बसले. टाळ्या पडल्या. दिवसभरात तेवढ्याच पडल्या.

दुपारी माझ्या हातात कागद आला. सरकारी सीलचा वापर सरकारी लॅपटॉपवर स्वतःच्याच घरात का केला, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. तोपर्यंत पुढील सहा कार्यशाळा स्थगित. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आज घरी जा. आराम करा." त्या चिडल्या असत्या तर चाललं असतं. ती काळजी मला जास्त लागली.

घरी आलो. बायको शाळेत होती. मी लॅपटॉप टेबलावर टाकला आणि खुर्चीत बसून तो कागद पुन्हा वाचू लागलो. आई खोलीतून आली. मला अवेळी बघून जरा दचकली, मग हसली, "जेवलास?" म्हणाली. मी मान हलवली. तिच्या हातात साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी होती आणि डबीला लहानशी वायर. ती टेबलापाशी गेली. सराईतपणे लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि वायर त्याच्या कडेच्या खाचेत घातली. डबीकडे बघितलं. वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा घातली.

मी खुर्चीत बसल्या बसल्या उभा राहिलो. हे कसं होतं ते मला विचारू नका.

"दिवा लागत नाही," आई माझ्याकडे वळून म्हणाली. "अरे, हा लॅपटॉप तुझा बिघडलाय. दाखव कुणाला तरी."

"आई, हे काय आहे?"

"हो, बिघडलाय."

"हे काय आहे!" मी ओरडलो. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. आईनं कानाशी हात नेऊन डबी दाखवली. आत दोन इवलीशी यंत्रं होती. माझ्या ताईनं मागच्या भेटीत आईला कानाची यंत्रं घेऊन दिली होती, हे मला माहीत होतं. ती खायला काय मागतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. आणि आता ती उपाशी होती, म्हणजे आईला काही ऐकू येणार नव्हतं.

मी हातातला खुलाशाचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'भिंतीला का नाही लावत?'

आईनं चष्मा लावून वाचलं. "भिंतीवर तुझी चिठ्ठी नाही का? 'काम झाल्यावर बटण बंद करावे.' माझ्या डबीचं काम सकाळपर्यंत चालतं. मग बटण चालू ठेवायचं कसं? एकदा याला लावून बघितली तर दिवा लागला. हा तर बंदच असतो. म्हटलं, याला काय त्रास?"

चिठ्ठी मीच लावली होती. आमच्या खात्याच्या वीजबचत सप्ताहात. अक्षरही माझंच.

मी लिहिलं, 'रोज लावायचीस?'

"आधी झोपताना लावायची. मग तुमचं सुरू झालं."

'आमचं काय?'

आईनं पेन माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवलं, जणू आता लिहायचं नाही, ऐकायचं. "मला कळत नाही का? तू रोज वही घेऊन तिच्यासमोर उभा. ती हात उडवतेय. नवरा-बायकोच्या मध्ये सासूनं नाक खुपसू नये, तसे कानही खुपसू नयेत. म्हणून तू लॅपटॉप मिटलास, की मी यंत्रं काढून डबी त्याच्यामागे सारून लावून टाकायची. सकाळी तुम्ही उठायच्या आत काढून घ्यायची. तुम्ही जितके भांडायला लागलात, तितकी लवकर लावायला लागले."

मी पुन्हा पेन उचललं.

"आणि तो तरी एका जागी ठेवायचास," आई म्हणाली. "आज स्टुलावर, उद्या गुंडाळलेल्या चटईवर. एक दिवस सगळं घर शोधलं तेव्हा चपलांच्या कपाटात सापडला. म्हटलं, हा घर सोडून निघालाय. सामान दाराशी नेऊन ठेवलंय. मग तीन दिवस लॅपटॉपच नाही, तेव्हा मी तशीच बसून होते. मग दिवे गेले. आणि काल बघते तर त्याला तार! म्हटलं झालं. वाटण्या सुरू झाल्या. तुझ्या वस्तूंना तू खुणा करतोयस."

मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आम्ही भांडत नव्हतो.' लिहून झाल्यावर ते पूर्ण खरं नाही असं वाटलं, म्हणून पुढे लिहिलं, 'म्हणजे सुरुवातीला.' आईनं दोन्ही वाक्यं वाचली आणि कुठलं धरायचं हे तिला कळेना. मलाही कळत नव्हतं. मी उठलो, भिंतीवरची चिठ्ठी खरवडून काढली आणि डबी भिंतीला लावली. दिवा लागला. आम्ही दोघं त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ बाईंनी लॅपटॉपची कड माझ्यासमोर धरली. "ही पिवळी खाच. शेजारी विजेची खूण आहे बघा. लॅपटॉप बंद असला तरी हिच्यातून वीज मिळते. डबी फार खात नाही हो, पण ती लावली की अर्धं यंत्र जागं राहतं आणि तेच खातं. तारेनं आवळलात त्या रात्री आतली बटणंही दाबली गेली असतील, म्हणून सगळंच जागं राहिलं. सोय आहे ती."

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"त्यात काही लावलं जातं असं अर्जात लिहिलं होतंत का?"

नव्हतं लिहिलं. त्यांनी एका मिनिटात ती सोय बंद करून दिली. अर्ज न घेता.

खुलासा मी चार वेळा लिहिला. पहिल्यात सहा मुद्दे होते, दुसऱ्यात फेजकाका होते. बायकोनं लाल पेनानं एकेक खोडत आणलं आणि शेवटी एकच वाक्य ठेवलं, 'घरातील सर्व व्यक्तींस विचारले, परंतु आईस विचारणे राहिले.' मॅडमनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग सही केली आणि विचारलं, "त्या आता यंत्रं कुठे लावतात?"

"भिंतीला, मॅडम."

"बरं," त्या म्हणाल्या. सहापैकी दोन कार्यशाळा मला परत मिळाल्या. उरलेल्या चारांचं काय, हे विचारायचं धैर्य झालं नाही.

त्या संध्याकाळी आई कानात यंत्रं घालून आमच्यामध्ये बसली. तिघंही जरा संकोचलो होतो, नवे पाहुणे आल्यासारखे. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मॅडमनी 'कुणाकडून जप्त केलं' विचारलं आणि मी 'माझ्याकडून' म्हणालो, इथे आल्यावर आईला इतकं हसू लोटलं की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बायकोही हसली. वातावरण चांगलं झालेलं बघून मी म्हणालो, "तसा माझा तर्क बरोबरच होता. घरातलंच कुणीतरी असणार."

"तुमचा तर्क?" बायको म्हणाली. "घरातलं माणूस असणार हे मी म्हटलं होतं."

"तू रागानं म्हटलं होतंस. तर्कानं नाही."

"रागानं म्हटलं म्हणून खोटं होतं का? आणि त्या घड्याळाचं काय? मी टेबलाजवळून गेले की..."

"ते मी सहज बघत होतो!"

आईचा हात कानाकडे गेला.

आम्ही दोघं एकदम गप्प झालो. माझा हात वरच राहिला. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"थांबलात का?" आई म्हणाली. "बोला की. मी आवाज मोठा करतेय."